परतीच्या वाटेवरील सीता

प्रवासवर्णनें वाचण्याचा मला विद्यार्थिदशेपासून नाद आहे, आणि तीं वाचतांना एक गोष्ट वारंवार माझ्या लक्षांत आली आहे. लेखक घरून निघतो तेव्हां त्याच्या दौतींत शाई भरपूर असते. परततांना ती आटलेली दिसते. सामानाची बांधाबांध, पोंचवावयास आलेलीं माणसें, पहिला मुक्काम, पहिली फजिती, या सर्वांच्या वांट्याला पानेंच्या पानें येतात. शेवटचा दिवस मात्र "अखेर आम्ही सुखरूप घरीं आलों" एवढ्या एका वाक्यांत उरकला जातो. जणूं काय परतीची वाट ही वाटच नव्हे, जाण्याच्या वाटेची ती केवळ उलटी बाजू आहे!

वस्तुतः दोन माणसें, विशेषतः पतिपत्नी, लांबच्या प्रवासाहून परत येत असतात तेव्हां त्यांचा शेवटचा दिवस हाच सर्वांत अर्थपूर्ण असतो. जातांना मन पुढच्या मुक्कामाकडे लागलेलें असतें. परततांना पाहावयाचें तें सारें पाहून झालेलें असतें, आणि घर अद्यापि आलेलें नसतें. या दोहोंच्या मध्यें जे चार-दोन तास येतात त्यांत सबंध प्रवासाचा जमाखर्च मांडला जातो. काय मिळालें, काय राहून गेलें, कोणतें दुःख आतां सांगण्यासारखें झालें आहे, याचा हिशेब त्याच वेळीं होतो. प्रश्न एवढाच, कीं हा जमाखर्च मांडतो कोण? आणि दोघांच्या प्रवासाचा हिशेब एकाच्याच हातानें लिहिला गेला, तर दुसऱ्याच्या खात्यावर काय पडतें?

हा प्रश्न मला स्वतःहून सुचलेला नाहीं, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. तो मला सुचविला गेला, आणि तोहि ग्रंथालयांत नव्हे, तर नागपूरच्या दक्षिणेस सुमारें तीस किलोमीटरांवर, बुटीबोरीच्या एका चहाच्या टपरीवर.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही उभयतां मोटारीनें रामेश्वरास गेलों होतों. येतांना मदुरा, बंगळूर, हैदराबाद असे मुक्काम झाले, आणि शेवटच्या दिवशीं पहाटे हैदराबाद सोडलें. पूर्वी वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा जो सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, तोच येथें आतां श्रीनगर-कन्याकुमारी या ४४ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग झाला आहे. निर्मळच्या अलीकडे सोनच्या पुलावर गोदावरी ओलांडली, दुपारीं पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रांत शिरलों, पांढरकवडा मागें टाकलें, वर्धा नदी गेली, आणि हिंगणघाटाजवळ कापसानें भरलेल्या गाड्यांच्या रांगेंत बराच वेळ अडकून पडलों. बुटीबोरीस येईपर्यंत दिवे लागले होते. येथें वर्ध्याकडील वाट आमच्या वाटेला येऊन मिळते. कारखान्यांची मोठी वसाहत, पाळी सुटून निघालेले कामगार, मालमोटारींची रीघ, असा तो देखावा. नागपूरकरांच्या दृष्टीनें बुटीबोरी हें कांहीं परगांव नव्हे, आणि घरहि नव्हे. तेथपर्यंत माणूस प्रवासी असतो. तेथून पुढें तो घरचा होतो.

चहा येईपर्यंत पत्नीनें शेजारणीला फोन करून दूध घेऊन ठेवावयास सांगितलें. मी माझ्या नेहमींच्या संवयीप्रमाणें बोलत होतों. गोदावरी ओलांडल्यापासून रघुवंशाच्या तेराव्या सर्गावर माझें व्याख्यान चालूं होतें. कारण रामहि याच दिशेनें, दक्षिणेच्या समुद्राकडून उत्तरेकडे, पत्नीला बरोबर घेऊन परतला होता. तिनें फोन खालीं ठेवला आणि सहज म्हणाली, "बारा दिवस तुम्ही मला सगळा मुलूख दाखवत आलांत. मी काय पाहिलं, तें मात्र एकदांहि विचारलं नाहींत." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. चहा आला, आम्ही तो घेतला आणि निघालों. पण पुढचे तीस किलोमीटर मी गप्प होतों, आणि जो सर्ग मला पाठ आहे असें मी समजत होतों तो मनांतल्या मनांत पुन्हां वाचीत होतों. या लेखांत जें कांहीं आहे तें त्या तीस किलोमीटरांतलें आहे.

रघुवंशाच्या एकोणीस सर्गांपैकीं तेरावा सर्ग हा रामाच्या परतीचा. रावणाचा वध झाला आहे, सीता अग्नींतून शुद्ध होऊन बाहेर आली आहे, वनवासाचीं चौदा वर्षें संपत आलीं आहेत. पुष्पक विमान लंकेहून निघतें, आणि राम सीतेला खालचा मुलूख दाखवूं लागतो. विमानांत लक्ष्मण आहे, सुग्रीव आहे, बिभीषण आहे. तरी कालिदास पहिल्याच श्लोकांत सांगून टाकतो, कीं राम हें सारें आपल्या पत्नीशीं एकान्तीं बोलला. चारचौघांच्या गर्दींत दोघांपुरता केलेला हा एकान्त, बरोबर प्रवास केलेल्या कोणत्याहि जोडप्याला ओळखीचा वाटेल. विमान कधीं देवांच्या वाटेनें जातें, कधीं ढगांच्या, तर कधीं पक्ष्यांच्या. रामाच्या मनांत येईल तशी त्याची गति. आधीं समुद्र येतो, आणि रामानें बांधलेल्या सेतूनें तो दुभंगलेला दिसतो. मग सुपारीच्या झाडांचा किनारा, जनस्थान, माल्यवान् पर्वत, पंपा सरोवर, गोदावरी, पंचवटी, मुनींचे आश्रम, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम, आणि शेवटीं शरयू.

वरवर पाहतां हा नकाशा आहे. पण त्याची खरी रचना स्मृतीची आहे. वनवासांत हीं स्थळें ज्या क्रमानें आलीं, त्याच्या उलट क्रमानें तीं आतां येतात. म्हणजे राम आपलेंच आयुष्य शेवटाकडून आरंभाकडे वाचीत आहे. त्यामुळें दुःखाचीं स्थळें आधीं येतात आणि सुखाचीं मागून. जेथें तिचें एकच नूपुर जमिनीवर पडलेलें सांपडलें ती जागा आधीं. जेथें पहिल्या पावसाबरोबर त्याचे अश्रु पडले तो माल्यवान् त्याच्यामागून. आणि मग गोदावरीचा तो कांठ, जेथें शिकारीहून परत आल्यावर वेतांच्या कुंजांत, तिच्या मांडीवर डोकें ठेवून, तो झोंपीं गेला होता. विरहाचीं ठिकाणें तो ज्या माणसाच्या विरहानें व्याकुळ झाला होता त्याच माणसाला दाखवीत आहे. आणि तें माणूस आतां शेजारीं बसलें आहे, या एका गोष्टीनें त्या सर्व दुःखांची चव पालटली आहे. पुढच्या सर्गाच्या आरंभीं कवीनें हेंच सूत्ररूपानें सांगितलें आहे: चित्रें काढलेल्या महालांत बसून त्या दोघांनीं दंडकारण्यांतलीं दुःखें आठविलीं, तेव्हां त्या दुःखांचींहि सुखें झालीं. दांपत्यप्रेमाचा हा परमोत्कर्ष आहे असें मी वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांना सांगत आलों, आणि तें खोटें नाहीं.

पण तें पुरतेंहि नाहीं. या सर्गांत राम साठांहून अधिक श्लोक सलग बोलतो. सीता सबंध सर्गांत एक शब्दहि बोलत नाहीं.

ती करते काय? तिची अशी एकच हालचाल कवीनें टिपली आहे. विमान ढगांतून जात असतां ती कुतूहलानें खिडकींतून हात बाहेर काढते आणि ढगाला स्पर्श करते; त्याबरोबर ढगांतली वीज तिच्या मनगटाभोंवतीं दुसऱ्या कंकणासारखी लकाकते. हें देखील आपणांस कळतें तें रामाच्याच तोंडून. परंतु तेवढ्या एका क्षणीं ती स्वतः कांहीं शोधते. बाकीचा सारा वेळ तिला दाखविलें जातें.

मला येथें पांबनचा पूल आठवला. समुद्रावर काळे ढग उतरले होते, शेजारून २०२५ सालच्या एप्रिलांत सुरू झालेला रेल्वेचा नवा पूल दिसत होता, आणि मी गाडी चालवितां चालवितां श्लोक म्हणत होतों. पत्नीनें कांच खालीं केली आणि हात पावसांत धरला. "अगं, हात आंत घे, कांच लाव, पाणी आंत येतंय," असें मी म्हणालों, आणि पुढचा श्लोक सुरू केला. तो पुढचा श्लोक कोणता होता, हें येथें सांगावयास मला संकोच वाटतो.

असो. टीकाकारानें आपल्या घरगुती अनुभवावरून कवीवर आरोप करूं नये, हें मला कळतें. कोणी म्हणेल, कीं वर्णन नायकाच्या मुखीं घालणें ही महाकाव्याची रूढ रीति. तींत सीतेच्या मौनाचा अर्थ काय शोधावयाचा? मलाहि हा आक्षेप प्रथम सुचला. परंतु त्याच्याविरुद्ध दोन पुरावे आहेत, आणि दोन्हीहि काव्याच्या बाहेरून आणलेले नाहींत.

पहिला पुरावा आदिकवीचा. कालिदासाच्या समोर वाल्मीकीचें युद्धकांड होतें, आणि त्याच्या प्रचलित पाठांत परतीच्या वाटेवर सीता बोलते. किष्किंधा दृष्टीस पडतांच ती रामाला सांगते, कीं तारा आणि इतर वानरांच्या स्त्रिया यांनाहि आपण अयोध्येला बरोबर घेऊन जाऊं. विमान थांबतें, त्या स्त्रिया येतात आणि मग प्रवास पुढें चालूं होतो. युद्ध जिंकणारे वीर विमानांत बसले होते. त्यांच्या बायका मागें राहिल्या आहेत, हें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. तें जिनें एक वर्षभर एकटेपण भोगलें तिच्या मनांत आलें. वाल्मीकीचा राम प्रयागास भरद्वाजांच्या आश्रमीं थांबतो, हनुमंताला पुढें पाठवितो आणि त्याला बजावतो, कीं मी येत आहें हें ऐकून भरताची मुद्रा कशी होते तें नीट पाहून ये. घर जवळ आलें म्हणजे प्रवाशाच्या पोटांत जो गोळा उठतो, तो आदिकवीला पुरेपूर माहीत होता. शेजारणीला केलेला दुधाचा फोन हा अखेर त्याच जातीचा दूत नव्हे काय? वाल्मीकीच्या परतीच्या वाटेवर अशीं माणसांचीं बोलणीं, विनंत्या व शंका आहेत. कालिदासानें हनुमंताचा निरोप एका ओझरत्या उल्लेखावर आणला आणि सीतेची विनंती अजिबात गाळली. ज्या कवीनें मूळ कथेंतला नूपुर आठवणीनें ठेवला त्यानें तिचें बोलणें अनवधानानें टाकलें, असें मला वाटत नाहीं.

दुसरा पुरावा सर्गाच्या आंतला आहे. तें जें एकटें नूपुर सांपडलें, तें तिच्या पायापासून दुरावल्याच्या दुःखानें जणूं मुकें झालें होतें, असें राम म्हणतो. रावणानें तिला ज्या वाटेनें नेलें ती वाट वेलींनीं दाखविली. त्यांना बोलतां येईना, म्हणून त्यांनीं पालवीच्या फांद्या त्या दिशेला वांकविल्या. हरिणींनीं तोंडाशीं आलेला दर्भ सोडला आणि पापण्या उचलून दक्षिणेकडे डोळे लावले. पाहा, ज्यांना वाचा नाहीं तीं सर्व या सर्गांत सीतेविषयीं सांगत आहेत; जिला वाचा आहे ती एकटीच बोलत नाहीं. सर्गाच्या शेवटीं भरत तिच्या चरणांवर आपलें जटाधारी मस्तक ठेवतो. कवीनें आपणांस तिचा हात दाखविला, पाऊल दाखविलें. तिचा आवाज तेवढा ऐकविला नाहीं. मुक्या वस्तूंचें बोलणें इतक्या बारकाईनें ऐकणाऱ्या कवीला हें मौन ऐकूं आलें नसेल, ही कल्पनाच मला पटत नाहीं. तें त्यानें राखून ठेवलें आहे.

तें कोणासाठीं राखून ठेवलें, हें पाहावयाचें असेल तर पान उलटलें पाहिजे. आणि येथेंच माझी चूक कबूल करावयाची आहे. मी तेरावा सर्ग शिकवून पुस्तक मिटीत आलों. चौदावा सर्ग "सवडीनें वाचा" म्हणून मुलांवर सोंपवीत आलों. प्रवास संपला, दोघें घरीं आलीं, आतां पुढें राजकारण व लोकापवाद. काव्य तेथें संपलें, अशी माझी समजूत होती. वास्तविक हे दोन सर्ग म्हणजे एकाच कवाडाच्या दोन फळ्या आहेत. तेराव्यांत शरयू आपल्या लाटांचे हात पुढें करून रामाला दुरूनच आलिंगन देते. चौदाव्यांत लक्ष्मण सीतेला अरण्यांत सोडावयास घेऊन जातो, तेव्हां गंगा तेच लाटांचे हात वर करून जणूं त्याला अडविते. एकाच प्रतिमेनें एके ठिकाणीं स्वागत करावयाचें आणि दुसऱ्या ठिकाणीं निषेध, ही रचना सहज घडलेली नव्हे.

चौदाव्या सर्गांत सीता बोलूं लागते. घरीं आल्यावर सासवांच्या पायां पडतांना तिचे पहिले शब्द असे आहेत, कीं पतीला क्लेश देणारी ती अलक्षणी सीता मीच. सबंध प्रवासभर जी गप्प होती तिच्या तोंडून घराच्या उंबरठ्यावर निघालें तें हें! त्या सासवा थोर मनाच्या. त्या म्हणाल्या, ऊठ बाळे, तुझ्याच पवित्र आचरणानें तुझा पति व दीर या संकटांतून तरले. पण आपल्याला ऐकूं आलेलें राहतेंच. ज्या चौदा वर्षांची कथा राम इतक्या गोडीनें सांगत होता, त्या चौदा वर्षांचा हिशेब तिनें मनाशीं असा मांडला होता. आणि विमानांत शेजारीं बसलेल्या नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्यानें ती बोलते ती गर्भवती असतां. येथें राम तिला प्रथमच विचारतो, कीं तुझ्या मनांत काय आहे? ती सांगते, भागीरथीच्या तीरावरचीं तीं तपोवनें मला पुन्हां पाहावयाचीं आहेत. राजमंदिराचें सुख सोडून तिला ती वाट पुन्हां हवी आहे. कदाचित् या वेळीं आपल्या डोळ्यांनीं पाहावयास. राम होय म्हणतो. मग तो प्रासादाच्या गच्चीवर जातो, भरभराटीची अयोध्या पाहतो, भद्र नांवाच्या हेराला लोकांची वार्ता विचारतो, आणि जें ऐकूं नये तें ऐकतो. तिनें उघड केलेली ती एकुलती एक इच्छाच मग तिला घराबाहेर काढण्याचें निमित्त होते. रथांत बसतांना ती आनंदांत असते, कीं नवरा आपलें मन राखतो. तिसऱ्यानें ती बोलते ती सर्व कळल्यावर, गंगेपलीकडे, लक्ष्मणापाशीं निरोप देतांना. त्या निरोपांत ती रामाला 'पति' म्हणून आरंभ करीत नाहीं. "त्या राजाला" माझ्या वतीनें सांग, असें म्हणते. पुष्पकांत जो एकान्तांत बोलत होता तो नवरा होता. घरीं पोंचला तो राजा झाला. हा फरक रामाला कळावयाच्या आधीं तिला कळला आहे. त्या दोन शब्दांचें वजन कळावयाचें असेल, तर त्यांच्यामागें तेराव्या सर्गांतलें साठ श्लोकांचें मौन उभें असावें लागतें. म्हणून मी म्हणतों, कीं कालिदासानें सीतेवर अन्याय केला नाहीं. तिच्या मौनाचा हिशेब त्यानें चोख ठेवला. अन्याय केला तो आम्हीं, तेरावा सर्ग तोडून वाचणाऱ्यांनीं.

माझा हा अर्थ अगदींच नवा आहे, असें मात्र मी समजत नाहीं. आमच्याच विदर्भांत जन्मलेल्या एका कवीनें तो फार पूर्वी जाणला होता. भवभूति विदर्भांतील पद्मपूरचा. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तें स्थान आमगांवाजवळचें पद्मपूर म्हणून ठरविलें, तसेंच मेघदूतांतील रामगिरि म्हणजे आमचें रामटेक, असेंहि प्रतिपादन केलें. चित्रें पाहून दुःखाचें सुख होतें, ही कालिदासाची एका श्लोकांतली कल्पना घेऊन भवभूतीनें उत्तररामचरिताचा सबंध पहिला अंक उभा केला. पण त्यानें एक बदल केला. त्याच्या चित्रदर्शनांत सीता गप्प बसत नाहीं. ती विचारते, ओळखते, शूर्पणखेच्या चित्राला भिते, हंसते, रडते. पुन्हां त्या वनांत जाण्याची इच्छा तीच बोलून दाखविते, आणि रामाला सांगते, कीं तुम्हींहि बरोबर यावयाचें. राम म्हणतो, अग कठोर हृदयाचे, हें का सांगावयास पाहिजे? आणि ती त्याच्या बाहूवर डोकें ठेवून झोंपते न झोंपते तोंच दुर्मुख येऊन उभा राहतो. भवभूतीनें दुर्दैव टाळलें नाहीं. पण दुर्दैवापूर्वींचा तो एक दिवस त्यानें दोघांना वांटून दिला. पश्चिमेकडे होमरानेंहि हेंच केलें आहे. वीस वर्षांनीं घरीं परतलेला ओडिसियस आपली कथा पेनेलोपीला सांगतो. पण त्या रात्रीं प्रथम ती आपलें सोसणें सांगते आणि मग तो आपलें. आणि त्यांचें बोलणें पुरें व्हावें म्हणून देवता पहाट लांबवून धरते. परतीचें सार्थक कशांत आहे, हें त्या कवीनें त्या लांबविलेल्या रात्रींत सांगितलें.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे फिरलेले विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत परतणें हेंच प्रवासाचें फळ आहे. गंगेची कावड वाहून आणून भटजींनीं वरसईस आईबापांना स्नान घातलें. पण तो प्रवास काका-पुतण्यांचा होता. पतिपत्नींच्या प्रवासाचें काय? येथें मोठी चमत्कारिक गोष्ट दिसते. आमच्याकडे तेरावा सर्ग प्रवासवर्णनांत लिहिला गेला आणि चौदावा आत्मचरित्रांत. न्यायमूर्ति रानडे यांच्याबरोबर कामानिमित्त गांवोगांव फिरलेल्या रमाबाईंनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० मध्यें प्रसिद्ध केलें. रेव्हरंड टिळकांच्या लहरीबरोबर ज्यांना किती बिऱ्हाडें मांडावीं व मोडावीं लागलीं त्या लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं. रानडे १९०१ सालीं गेले, टिळक १९१९ सालीं. दोघींचीं पुस्तकें वाचकांच्या हातीं आलीं तेव्हां शेजारची जागा रिकामी झाली होती. शेजारीं बसलेलीनें काय पाहिलें, तें वाचकाला कळलें; ज्याला कळावयास पाहिजे होतें तो वाचावयाला राहिला नव्हता. लक्ष्मीबाईंचा विनोद मराठी माणसाला इतका प्रिय आहे, कीं त्याच्यामागची ही रिकामी जागा आपल्याला सहसा दिसत नाहीं.

पुढें १९६० सालीं पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' आली, आणि मराठी प्रवासवर्णन मोकळेपणानें हंसूं लागलें. तोहि उभयतांचा प्रवास. त्यानंतर तीस वर्षांनीं, १९९० मध्यें, सुनीताबाईंचें 'आहे मनोहर तरी' आलें. या दुसऱ्या पुस्तकावर पुष्कळ वाद झाले. त्यांत न शिरतां मला एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं तें निघालें तेव्हां पु. ल. हयात होते. रमाबाई व लक्ष्मीबाई यांना जें वियोगानंतर करावें लागलें, तें सुनीताबाईंनीं सहवासांत केलें. एकाच घरांतलीं हीं दोन पुस्तकें आपण निरनिराळ्या कपाटांत ठेवतों. एक विनोदाच्या, दुसरें आत्मचरित्राच्या. मला वाटतें, तेराव्या व चौदाव्या सर्गाप्रमाणें तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचीं आहेत. त्यायोगें पहिल्याची गोडी कमी होत नाहीं. हंसतांना आपण कोणाच्या शेजारीं बसून हंसत होतों, हें मात्र समजतें.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें जरूर आहे. प्रत्येक मौन म्हणजे तक्रार नव्हे. लांबच्या वाटेवर न बोलतां शेजारीं बसणें हेंहि सुखाचें एक रूप आहे, आणि माझ्या पत्नीला तें आवडतें, असें तिनेंच मला नंतर सांगितलें. तिची हरकत गप्प राहण्याला नव्हती; न विचारलें जाण्याला होती. वाङ्मयाच्या टीकेंतहि हा भेद राखला पाहिजे. कवीनें पात्राला बोलूं दिलें नाहीं म्हणून लगेच त्याच्यावर खटला भरणें सोपें असतें; तें मौन पुढें कोठें फुटतें तें शोधणें कठीण. आम्हीं शिक्षकांनीं दुसरें काम करावयाचें असतें, आणि मीं तें इतकीं वर्षें केलें नाहीं. यापुढें हे दोन सर्ग मी एकत्रच शिकवीन.

त्या रात्रीं घरीं पोंचलों तेव्हां नऊ वाजून गेले होते. शेजारच्या काकू किल्ली आणि दुधाचें पातेलें घेऊन आल्या आणि दारांतच त्यांनीं विचारलें, "कसा झाला प्रवास?" मी बोलावयाला तोंड उघडलें होतें, तें मिटून मी सामान आंत नेऊं लागलों. पत्नी पायरीवर बसली आणि सांगूं लागली. रामेश्वराच्या देवळाचे तिनें नांव काढलें नाहीं, मीनाक्षीचें नाहीं, मीं दाखविलेल्या कशाचेंच नाहीं. १९६४ च्या वादळानें उध्वस्त केलेल्या धनुष्कोडीच्या वाळूंत एक म्हातारी शंख-शिंपले विकीत बसली होती. भाषा एकमेकींची कळेना. त्या म्हातारीनें वाळूंत बोटानें एक चौकोन काढला, त्याला दार काढलें, दारापाशीं दोन लहान ठिपके काढले, आणि मग समुद्राकडे हात केला. दोघी तेथें पुष्कळ वेळ बसल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "अन् हे कुठं होते तेव्हां?"

"हे तिथली पाटी वाचत होते," ती म्हणाली.